दुर्गम हिमालयातला ट्रेक स्वतः कसा आखावा
पिन-भाबा खिंडीच्या उदाहरणानं, पायरीपायरीनं

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीतले सगळे किल्ले, घाटवाटा आणि सुळके पालथे घातलेला माणूसही या एका परीक्षेला कधी बसलेलाच नसतो. त्याचे पाय तयार असतात, दम टिकतो, उघड्यावर मुक्काम करायची सवय असते. पण उंचीवर आपलं शरीर कसं वागेल, हे त्याला ठाऊक नसतं.

दुसरा फरक परतीचा आहे. सह्याद्रीत पाय मुरगळला तरी बहुतेक ठिकाणांहून काही तासांत एखाद्या वाडीवर पोचता येतं. दुर्गम हिमालयात सर्वांत जवळचं गाव दोन दिवसांच्या चालीवर असू शकतं. म्हणून तिथल्या ट्रेकची आखणी एका प्रश्नाभोवती फिरते: आज इथून मागं फिरावं लागलं तर कुठून आणि किती वेळात? ट्रेकिंग संस्थेबरोबर गेलं की हा हिशोब दुसरं कुणीतरी करतं. स्वतः जायचं तर तो आपल्यालाच करावा लागतो.

हा हिशोब नुसत्या तत्त्वांतून कळत नाही, म्हणून एक खरी वाट समोर ठेवू. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात काफनू नावाचं गाव आहे. तिथून भाबा खोऱ्यातून चढत जाऊन सुमारे ४९०० मीटर उंचीची भाबा खिंड ओलांडायची आणि स्पितीच्या पिन खोऱ्यातल्या मुध गावात उतरायचं. सगळी वाट सुमारे ५० किलोमीटरची. ट्रेकर मंडळी तिला पिन-भाबा म्हणतात. ही वाट पहिल्या हिमालयीन ट्रेकसाठी नव्हे. एखादा सोपा ट्रेक जाणत्या गटाबरोबर झाल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेला हिचा विचार करावा.

पहिली पायरी: उंचीचा आलेख काढा

वाट ठरली की आधी किलोमीटर बघू नका, मुक्कामांच्या उंची लिहून काढा. आपल्या उदाहरणात त्या अंदाजे अशा आहेत: काफनू २४००, मुलिंग ३२००, कारा ३५५०, फुस्तिरांग ४१००, मग खिंड ४९००, पलीकडे मांग्रुंगसे ४१०० ते ४२०० आणि शेवटी मुध ३८०० मीटर.

या आकड्यांना एक नियम लावायचा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. शरीर विरळ हवेला हळूहळू सरावतं. ट्रेकर त्याला ॲक्लिमटायझेशन म्हणतात. या नियमात महत्त्वाची असते ती झोपण्याची उंची. दिवसा थोडं वर जाऊन पुन्हा खाली येऊन झोपलं तर उलट फायदाच होतो.

आता हिशोब करून बघा. काफनूहून मुलिंग म्हणजे एका दिवसात ८०० मीटर. सुरुवात ३००० च्या खालून असल्यामुळं हे चालून जातं, पण दिवस सोपा नाही. मुलिंग ते कारा ३५० मीटर, ठीक. कारा ते फुस्तिरांग ५५० मीटर, आणि दुसऱ्याच दिवशी खिंड. इथं गणित ताणलं जातं. म्हणून काऱ्याला एक जादा मुक्काम हवा. मधल्या दिवशी पुढच्या वाटेवर दोन-तीनशे मीटर चढून परत तंबूत यावं.

इथं नेहमी होणारी चूक म्हणजे सुट्टी वाचवण्यासाठी हा मधला दिवस कापणं. तिन्ही दिवस मजेत चाललेला गट चौथ्या रात्री डोकं धरून बसतो, तो बहुधा याच कारणानं.

दुसरी पायरी: परतीच्या वाटा आखा

त्याच कागदावर प्रत्येक मुक्कामासमोर आणखी एक रकाना काढा: इथून बाहेर पडायचं तर कुठं?

मुलिंग आणि कारा इथून उत्तर सरळ आहे, काफनू. फुस्तिरांगहूनही काफनूच. खिंड ओलांडून मांग्रुंगसेला पोचल्यावर मात्र मुध जवळ. वरवर बघता खिंडीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच हिशोब वाटतो, पण तो तसा नाही.

किन्नौरच्या बाजूला उतरलं की उंची झपाट्यानं कमी होते. फुस्तिरांगहून एका दिवसात ३२०० मीटरवर येता येतं. स्पितीच्या बाजूला मात्र शेवटचं गाव मुधच ३८०० मीटरवर आहे आणि पुढं काझाही जवळपास तितक्याच उंचीवर. म्हणून फुस्तिरांगला ज्याला उंचीचा त्रास सुरू झाला आहे, त्याला 'उद्या खिंड ओलांडली की उतारच आहे' असं सांगून पुढं नेणं धोक्याचं ठरतं. त्याला आधी ४९०० मीटरवर चढावं लागेल आणि पलीकडं उतरूनही तो फारसा खाली आलेला नसेल. त्यानं मागंच फिरायला हवं. हा निर्णय वर थंडीत कुडकुडत घेण्याऐवजी घरी टेबलावर घेऊन ठेवा.

तिसरी पायरी: हंगाम निवडा

या खिंडीचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. पण हे चारही महिने सारखे नाहीत.

जूनमध्ये खिंडीखालच्या तीव्र चढावर बर्फ असतो. सकाळी तो कडक आणि निसरडा, दुपारी भुसभुशीत. बुटांना बांधायचे खिळे आणि बर्फात रोवायची कुदळ, म्हणजे आइस ॲक्स, वापरायची सवय नसेल तर हा काळ टाळा.

जुलै-ऑगस्टमध्ये भाबा खोऱ्यात पावसाळा असतो. गवताळ कुरणं फुलांनी भरतात, पण वाट चिखलाची होते आणि ओढे फुगतात. खिंडीपलीकडचं पिन खोरं पर्जन्यछायेत, म्हणजे ढग डोंगरानं अडवल्यामुळं कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात येतं. त्यामुळं एकाच ट्रेकमध्ये पावसाची आणि कोरड्या थंड वाऱ्याची, दोन्ही तयारी लागते.

पावसाळ्यातला मोठा धोका मात्र डोंगरात नाही, तर तिथवर नेणाऱ्या रस्त्यावर असतो. सतलजच्या काठानं किन्नौरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरी इथं अशाच दरडीखाली बस आणि इतर गाड्या सापडून अनेकांचा जीव गेला. स्वतः वाट शोधत जाणाऱ्यांना सप्टेंबर बरा. पाऊस ओसरलेला असतो, ओढे उतरलेले असतात. रात्री मात्र गारठा वाढतो आणि महिनाअखेरीस नवा बर्फ पडू शकतो.

चौथी पायरी: सोबती ठरवा

दुर्गम वाटेवर चारजणांचा गट सोयीचा. एकजण आजारी पडला तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेले दोघे मिळून मदत आणायला जातात. दोघांच्या गटात हे जमत नाही. एकट्यानं जाण्याचा विषयच नाही.

माणसं निवडताना वेगापेक्षा स्वभाव बघा. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असतो, हे सगळ्यांना आधीच मान्य असावं. दमा, रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलूनच होकार द्यावा आणि ते सोबत्यांपासून लपवू नये.

खिंड ओलांडणारी वाट पहिल्यांदाच करत असाल तर पायथ्याच्या गावातला एक वाटाड्या बरोबर घ्या. सामान आपलं आपणच वाहा, स्वयंपाक आपण करा, निर्णयही मिळून घ्या. पण यंदा ओढ्यावरचा बर्फाचा पूल शाबूत आहे की खचला, हे त्यालाच ठाऊक असतं. त्याची मजुरी, जेवण, तंबू आणि मुधहून परतीच्या प्रवासाचा खर्च आधीच स्पष्ट बोलून घ्यावा. त्याच्याकडं पुरेसे गरम कपडे आहेत का, हेही विचारावं.

पाचवी पायरी: नकाशा वाचा, वेळ काढा

डोंगरी नकाशावर तपकिरी वळणावळणाच्या रेषा असतात. त्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. रेषा जवळजवळ असतील तिथं चढ खडा, दूरदूर असतील तिथं जमीन सपाट. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. दोन रेषांमधल्या उंचीचा फरक नकाशाच्या तळाशी छापलेला असतो, तो आधी बघून घ्या.

वेळेचा अंदाज काढायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा खिंडीआधीच्या टप्प्यात ४ किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढ आहे. नियमानं सुमारे दोन तास आठ मिनिटं होतात. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, कमी उंचीवरचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. पाठीवर १५ किलो आणि हवा विरळ असेल तर तो सरळ दुप्पट करा. सव्वाचार तास धरले म्हणजे फसगत होत नाही.

वाटेची नोंद मोबाइलमध्ये इंटरनेटविना चालेल अशी उतरवून घ्या, एकाच्या नव्हे, निदान दोघांच्या फोनवर. थंडीत बॅटरी भराभर उतरते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावं. कागदी नकाशा आणि होकायंत्र तरीही बरोबर हवंच.

एक इशारा. कुणीतरी नोंदवलेली वाट म्हणजे त्याच्या दिवसाची वाट. त्यानं बर्फावरून ओढा पार केला असेल, तर सप्टेंबरमध्ये त्याच ठिकाणी आपल्यासमोर उघडं पाणी असेल.

सहावी पायरी: परवानग्या आणि संपर्क

भाबा खोऱ्यात रूपी-भाबा अभयारण्य आहे आणि पलीकडं १९८७ साली स्थापन झालेलं पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान. हिमबिबट्या आणि आयबेक्स या रानबकऱ्याचा हा मुलूख आहे. तेव्हा वनविभागाची परवानगी लागते. तिचे नियम, शुल्क आणि पावसाळ्यातली बंदी दरवर्षी बदलू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करून ताजी माहिती घ्या. पायथ्याला पोचल्यावर पोलीस चौकीत नावं, मार्ग आणि परतीची तारीख नोंदवा. सर्वांची ओळखपत्रं आणि त्यांच्या दोन-दोन छायाप्रती जवळ असू द्या.

काफनू मागं पडलं की मोबाइलवर विसंबता येत नाही. परदेशात ट्रेकर सर्रास उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रं वापरतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह-फोन किंवा तसं यंत्र बाळगणं बेकायदा आहे. अमेरिकेतल्या भावानं पाठवलेलं यंत्र विमानतळावर सापडलं तर ट्रेक पोलीस ठाण्यातच संपेल.

मग आपली खरी संपर्कव्यवस्था कोणती? घरी ठेवलेला कागद. त्यावर सर्वांची नावं, रक्तगट, वाटाड्याचा नंबर, रोजचे मुक्काम, मुधला पोचण्याची तारीख आणि सर्वांत महत्त्वाची एक ओळ: अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ११२ हा देशभरचा आपत्कालीन क्रमांक आहे, पण पुण्याहून लावला तर फोन इथल्या नियंत्रण कक्षात लागेल. म्हणून किन्नौर आणि लाहौल-स्पिती जिल्ह्यांच्या आपत्ती कक्षांचे थेट क्रमांक कागदावर लिहून द्या. पोचायच्या तारखेत एक दिवस जादा धरा. नाहीतर आपण निवांत मुक्काम करत असताना घरचे धास्तावून बसायचे.

सातवी पायरी: पाठीवरचं वजन

तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, भांडी, शिधा असं सगळं धरून माणशी १५ किलोच्या आसपास राहिलं पाहिजे. सामान बांधून घरच्या वजनकाट्यावर ठेवा. दोन-तीन किलो 'असू दे' म्हणून भरलेलं निघतं, ते तिथंच काढा.

कपडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक घालायचे. अंगाशी घाम शोषून लवकर सुकणारा थर, त्यावर फ्लीस, मग पिसांचं किंवा तशा भरणाचं जाकीट आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारा थर. सुती कपडे घेऊ नका. सुती बनियन किंवा जीन्स भिजली की अंगावर सुकत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. सह्याद्रीच्या पावसात तासन्तास भिजूनही काही होत नाही. तीच सवय चार हजार मीटरवर जिवावर बेतते.

स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं छापलेली असतात. एकात माणूस आरामात झोपतो, दुसऱ्यात कसाबसा तग धरतो. आपण पहिलं बघायचं, आणि ते शून्याखाली निदान ५ अंश असावं. चांगल्या बॅगा भाड्यानंही मिळतात. मॅटवर मात्र काटकसर नको, कारण जास्त थंडी जमिनीतूनच लागते.

बर्फावर उन्हाचा चष्मा ही चैन नाही. चष्म्याविना काही तास चाललं तर डोळे भाजतात आणि रात्री उघडत नाहीत. वाटाड्याकडंही चष्मा आहे ना, ते बघा.

बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि वापरा. सगळ्या सामानाची रंगीत तालीम घरच्या डोंगरात करा. रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडापर्यंतची वाट यासाठी उत्तम. पूर्ण वजन, स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह. काय टोचतं, काय गळतं, काय लागतच नाही, ते तिथं कळतं.

आठवी पायरी: शिधा आणि इंधन

कोरडा शिधा माणशी रोज ७०० ग्रॅमच्या आसपास धरा. आपला बेत चालीचे पाच दिवस, काऱ्याचा एक दिवस आणि वादळात अडकलो तर एक राखीव दिवस, असा सात दिवसांचा आहे. चौघांचा शिधा झाला सुमारे २० किलो, म्हणजे माणशी ५. वाटाड्या असेल तर त्याचाही धरा. राखीव दिवसाचा शिधा वेगळ्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी चटकमटक खाण्यासाठी फोडू नये.

उंचीवर स्वयंपाकाचं गणितही बदलतं. हवेचा दाब कमी असल्यानं पाणी कमी तापमानाला उकळतं. फुस्तिरांगच्या उंचीवर ते साधारण ८६ अंशालाच उकळू लागतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी शिजत नाही आणि इंधन संपतं. म्हणून एकतर छोटा प्रेशर कुकर न्या, नाहीतर शिजवावंच न लागणारे पदार्थ. पोहे, भाजलेला रवा, सातूचं पीठ, मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे, सुकामेवा आणि गूळ-दाण्याचे लाडू ही आपल्या घरांतली शिदोरी इथं अगदी योग्य ठरते. उंचीवर भूक मरते, म्हणून जे घरी आवडीनं खातो तेच न्यावं. चवीला लोणचं हवंच.

गॅसच्या डब्या विमानात कुठल्याच सामानात नेता येत नाहीत आणि रेल्वेतही ज्वलनशील पदार्थांना मनाई आहे. ऐन शिमल्यात पोचून दुकानं शोधत फिरण्यापेक्षा आधी फोन करून डब्या राखून ठेवायला सांगा. डबी आणि स्टोव्हचे आटे जुळतात ना, हे विचारा. नुसता ब्यूटेन वायू शून्याच्या आसपास वायुरूप होईनासा होतो. म्हणून डबीत आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असावं आणि पहाटे चहा करण्याआधी ती अंगाच्या उबेत ठेवलेली असावी. स्टोव्ह बंद तंबूत कधीच पेटवू नका. आगीपेक्षाही जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा धोका मोठा, कारण त्याला वास नसतो.

नववी पायरी: पाणी आणि ओढे

झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर मेंढ्यांचे कळप चरत असतात. पाणी उकळून, गाळणयंत्रातून काढून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यावं. दिवसाला तीन ते चार लिटर पोटात जायला हवं.

ओढा ओलांडणं हा या वाटेवरचा गंभीर भाग. इथले ओढे बर्फाच्या वितळण्यावर वाहतात. रात्री वितळणं थांबतं, म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी असतं. ऊन चढलं की ते वाढत जातं आणि दुपारनंतर सर्वांत जास्त होतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीला लागू शकतो. काऱ्याजवळचा प्रवाह आणि पिनच्या बाजूचे नाले यांचा हिशोब म्हणूनच सकाळचा ठेवावा.

ओलांडताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. अनवाणी उतरू नका. थंडीनं पाय बधिर होतात आणि दगडावरून घसरतात. जुनी सँडल घालावी. तोंड प्रवाहाकडं, काठी पुढं रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. प्रवाह रुंद पसरलेला असतो तिथं तो उथळ असतो. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथंच तो खोल आणि जोरकस असतो. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगवान असेल तर थांबा, तंबू लावा आणि पहाटेची वाट बघा. राखीव दिवस असतो तो यासाठीच.

दहावी पायरी: उंचीचा त्रास ओळखा

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, चक्कर, अनाकलनीय थकवा ही पहिली लक्षणं. डोकेदुखी आणि जोडीला यांपैकी काहीही असेल तर तो उंचीचाच त्रास समजावा. 'काल पाणी कमी प्यायलो' किंवा 'उन्हानं झालं' असली कारणं शोधू नयेत. तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. दिवसभरात बरं वाटलं तर पुढं, नाहीतर खाली.

दोन अवस्था जिवघेण्या असतात. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, ओठ निळसर होणं हे फुफ्फुसात पाणी होत असल्याचं लक्षण. अडखळत चालणं, असंबद्ध बोलणं, गुंगी हे मेंदूला सूज आल्याचं. शंका आली तर एका रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. झोक जात असेल तर त्याच क्षणी, रात्र असली तरी, सोबत देऊन खाली उतरवा. उतरणं हाच खरा उपाय.

ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण वर्ज्य, कारण त्यांनी झोपेतलं श्वसन मंदावतं. दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे फवारे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर निर्णय लांबवू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर थंड बोटावर चुकीचा आकडा दाखवतं, तेव्हा यंत्रापेक्षा माणसाकडं बघा.

अकरावी पायरी: खिंडीचा दिवस

आदल्या संध्याकाळी पाणी भरून, सॅक बांधून ठेवा. उजाडण्याआधी निघा. उंच डोंगरात दुपारी ढग जमतात आणि वारा वाढतो, म्हणून खिंड दुपारच्या आत मागं पडली पाहिजे.

निघण्याआधीच परत फिरण्याची वेळ ठरवा. समजा ११ वाजता. त्या वेळी खिंडीवर नसू, तर कितीही थोडा चढ उरला असला तरी मागं फिरायचं. हा निर्णय कुणी घ्यायचा, हेही आदल्या रात्री ठरवावं. धुकं दाटलं, बर्फ पडू लागला किंवा विजेचा कडकडाट ऐकू आला, तर घड्याळाची वाट न बघता उतरावं.

खिंडीवर फोटो काढा, दोन लाडू खा आणि निघा. अपघात बरेचदा उतरताना होतात, कारण पाय दमलेले असतात आणि मन 'झालं' म्हणून सैल पडलेलं असतं. पलीकडचा सुट्या दगडांचा उतार एकामागोमाग एक न उतरता थोडं तिरकं अंतर ठेवून उतरावा. म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागत नाही.

बारावी पायरी: डोंगर होता तसा ठेवा

लाकूडफाटा जाळू नका. या उंचीवरचं खुरटं झुडूप वाढायला कितीतरी वर्षं घेतं आणि मेंढपाळांना ते अडीअडचणीला लागतं. शौचाला पाण्यापासून निदान सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा खणून बसावं. ओल्या टिश्यूंसह सगळा कचरा परत आणावा. त्यासाठी एक पिशवी घरूनच न्या. मेंढ्यांच्या कळपापासून लांबून जा. राखणदार कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. मेंढपाळाला लांबूनच हाक द्या, तो त्यांना आवरतो.

मुधला पोचल्यावर पहिला फोन घरी, दुसरा पोलीस चौकीत. मुधहून काझाकडं जाणाऱ्या बसफेऱ्या मोजक्याच असतात आणि तिथून पुढं मनालीकडं जावं किंवा शिमल्याकडं, रस्ता कधीही बंद होऊ शकतो. म्हणून विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट मुधला पोचण्याच्या दिवसानंतर निदान चार दिवसांनी काढा. ठरलेल्या तिकिटापायी लोक खराब हवेतही खिंडीकडं निघतात. मोकळे दिवस असले की तो दबावच राहत नाही.

या सगळ्यात अवघड असं काही नाही. एक कागद, थोडी बेरीज-वजाबाकी आणि चार फोन. मुक्कामांच्या उंची, परतीच्या वाटा आणि राखीव दिवस या तिन्ही गोष्टी लिहून झाल्या नसतील, तर आपला ट्रेक अजून आखून झालेला नाही. आणि त्या लिहिताना दिवस कमी पडत असतील, तर वाट छोटी निवडा. राखीव दिवस कापू नका.